मांगराचे छप्पर

कोकणात राहत्या घरापासून थोड्या अंतरावर, परसात, बागेत किंवा शेताच्या कडेला बांधलेल्या लहान उतरत्या छपराच्या वास्तूस मांगर म्हणतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, वेंगुर्ले व देवगड या किनारी तालुक्यांत मांगराचा उपयोग गवत, सरपण, नारळ व शेतीची अवजारे ठेवण्यासाठी, राखणदाराच्या निवाऱ्यासाठी आणि हंगामात आंबे ठेवण्यासाठी केला जातो. मांगर आकाराने लहान, उंचीने बेताचा आणि बहुधा गडगा, झाड किंवा दुसरी भिंत यांच्या लगत असतो. त्यामुळे त्याच्या छपराच्या रिपा व फळ्या जोडताना सुताराला पुष्कळदा हातोडा फिरवण्याइतकीही मोकळी जागा मिळत नाही. छपराच्या ज्या कडा व कोपरे हाताला दुर्गम असतात, त्याच ठिकाणी वाऱ्याची उचल सर्वाधिक असते. म्हणून अडचणीच्या जागेतील जोडणी हा केवळ कामगाराच्या सोयीचा प्रश्न नसून संपूर्ण छपराच्या टिकाऊपणाचा प्रश्न ठरतो.

छपराचे घटक : साध्या दुपाखी मांगराच्या माथ्यावर लांबीच्या दिशेने आढे असते. आढ्यापासून दोन्ही बाजूंच्या भिंतींपर्यंत उतरते वासे टाकलेले असतात. वाशांचे पायथे भिंतीच्या माथ्यावर ठेवलेल्या आडव्या लाकडी पट्टीवर, म्हणजे भिंतपट्टीवर, टेकतात. वाशांवर आडव्या रिपा ठोकून त्यांवर कौले बसवतात. जेथे आतील माल धुळीपासून व गळतीपासून जपावयाचा असतो, तेथे वाशांवर प्रथम फळ्यांचे सलग आच्छादन करून त्यावर रिपा व कौले घालतात. छपराचा भिंतीबाहेर आलेला खालचा भाग आणि त्याखालील सांदीची जागा यांस वळचण म्हणतात. मुख्य भिंतीला टेकवून एकाच उताराची पडवी काढलेली असल्यास तिचे वरचे टोक मुख्य छपराच्या वळचणीखाली येते.

साहित्य : भिंतींसाठी जांभा दगडाचा चिरा वापरला जातो. छपरासाठी किंजळ, ऐन, फणस व साग यांचे लाकूड, माडाचे वासे आणि पोफळीच्या रिपा हे या भागातील परिचित साहित्य होय. माडाच्या खोडाचा बाहेरचा थर कठीण व गाभा भुसभुशीत असतो. त्यामुळे खिळ्याची पकड फक्त बाहेरच्या थरातच मिळते. पोफळीची रीप चिवट असली, तरी तिचे तंतू सरळ व लांब असल्याने टोकाजवळ खिळा मारताच ती उभी चिरते. अशा रिपेला आधी भोक पाडणे आवश्यक असते.

पूर्वी कुंभाराने हाताने घडवलेली नळीची कौले सर्वत्र वापरात होती. ती सैल बसत आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारावी लागत. इ. स. १८६५ मध्ये बाझेल मिशनने मंगळूर येथे यंत्राने दाबलेल्या कौलांचा कारखाना सुरू केला. पुढे ‘मंगलोरी’ या नावाने ओळखली जाणारी ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. या कौलाची लांबी सु. ४१ सेंमी. व रुंदी सु. २३·५ सेंमी. असते. एक चौ. मी. छपराला साधारणपणे १५ कौले लागतात आणि त्यासाठी रिपांमधील अंतर सु. ३२ सेंमी. ठेवावे लागते. कौलाच्या पाठीवरील खुंटीसारखा उंचवटा रिपेवर अडकतो. त्यातील छिद्रातून तार ओवून कौल रिपेला बांधता येते. परंतु प्रत्यक्षात ही तार बहुतेक वेळा घातली जात नाही.

वाऱ्याचे बल : सिंधुदुर्ग जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या काळात सरासरी सु. ३,००० मिमी. पाऊस पडतो आणि त्याबरोबर नैर्ऋत्येकडून जोरदार वारे वाहतात. त्याखेरीज पावसाळ्यापूर्वी व नंतर अरबी समुद्रात चक्रीवादळे निर्माण होतात. नोव्हेंबर २००९ मधील फयान वादळाचा तडाखा कोकण किनाऱ्याला बसला. १६ मे २०२१ रोजी तौक्ते हे वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले, तेव्हा घरांची छपरे, विजेचे खांब आणि आंबा व माड यांच्या बागा यांची मोठी हानी झाली.

वारा छपराला खाली दाबतो, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः कमी उताराच्या छपरावरून वारा वेगाने जाताना वरच्या बाजूला चूषण निर्माण होते आणि छप्पर वर ओढले जाते. मांगराची एक बाजू पुष्कळदा उघडी असते. त्या बाजूने आत शिरलेला वारा छपराला खालूनही ढकलतो. ताशी १४० किमी., म्हणजे सेकंदाला ३९ मी., वेगाच्या वाऱ्याचा मूळ दाब दर चौ. मी.ला सु. ९३ किग्रॅ. वजनाइतका भरतो. आढे, वळचण व त्रिकोणी भिंतीवरील कड या ठिकाणी वाऱ्याचे भोवरे तयार होतात आणि तेथील चूषण मूळ दाबाच्या दीडपट किंवा अधिकही होऊ शकते. म्हणजे कडेच्या एका चौ. मी.वर सु. १४० किग्रॅ. इतकी उचल येते. याउलट कौले व त्यांखालील लाकूड यांचे वजन तेवढ्याच क्षेत्रात ५० ते ५५ किग्रॅ.च असते. उरलेले ८५ ते ९० किग्रॅ. बल खिळे, तारा व बंध यांनाच पेलावे लागते.

वाशांमधील अंतर ४५ सेंमी. व रिपांमधील अंतर ३२ सेंमी. असल्यास एका चौ. मी.मध्ये रीप व वासा यांचे सु. सात छेद येतात. कौले रिपांना बांधलेली आहेत असे धरल्यास प्रत्येक छेदावर १२ ते १३ किग्रॅ. उचल पडते. घट्ट लाकडात नीट बसलेला एक खिळा हे बल सहज पेलतो. चिरलेल्या टोकात अडकलेला, अर्धवट शिरलेला किंवा गंजलेला खिळा ते पेलीलच, असे म्हणता येत नाही. कौलांच्या फटींतून काही हवा निसटत असल्याने कौलारू छपरावरील प्रत्यक्ष बल याहून थोडे कमी असते. पत्र्याच्या किंवा सलग फळ्यांच्या आच्छादनाला ही सवलत मिळत नाही.

उचलीचे बल कौलाकडून रिपेकडे, रिपेकडून वाशाकडे, वाशाकडून भिंतपट्टीकडे आणि तेथून भिंतीकडे जाते. या साखळीतील सर्वांत दुबळी कडी तुटली की बाकीच्या कड्यांचे बळ व्यर्थ ठरते. तीन मी. लांबीच्या कडेच्या वाशावर वरील हिशेबाने सु. १२० किग्रॅ. उचल येते आणि तिचा साधारण अर्धा भाग पायथ्याशी, म्हणजे नेमका वळचणीच्या सांदीत, पेलावा लागतो.

अडचणीच्या जागा : मांगराच्या छपरात अशा जागा मुख्यतः चार असतात. (१) वळचण : छपराचा उतार व भिंतीचा माथा येथे एकत्र येतात आणि त्यांमधील जागा निमुळती होत जाते. हातोड्याच्या सहज फटक्याला ३० ते ४० सेंमी.चा फेर लागतो. तेवढा फेर येथे मिळत नाही. (२) पडवीचे वरचे टोक : मुख्य वळचण व पडवीचे छप्पर यांमध्ये पुष्कळदा वीतभरच अंतर असते. (३) आढे : दोन्ही पाखी वर येऊन मिळाल्यावर शेवटच्या फळीला आतून हात पोहोचत नाही. (४) गडग्याकडील किंवा झाडाकडील बाजू : येथे शिडी लावण्यासही जागा नसते.

कामाचा क्रम : अडचणीच्या जागेवरील सर्वांत चांगला उपाय म्हणजे ती जागा अडचणीची होण्यापूर्वीच तेथील जोडणी पुरी करणे. भिंतपट्टी बसवताना तिच्याखालून लोखंडी पट्ट्या काढून त्यांची खालची टोके चिऱ्यांच्या दोन-तीन थरांखाली दाबून घ्यावीत. वासे चढवल्याबरोबर त्या पट्ट्या वाशांवरून वळवून ठोकाव्यात. रिपा किंवा फळ्या बसल्यावर हे काम जवळजवळ अशक्य होते. मातीच्या चिखलात रचलेल्या भिंतीचा सर्वांत वरचा चिरा केवळ आपल्या वजनाने टिकून असतो. म्हणून त्या एकाच चिऱ्याला पट्टी अडकवून उपयोग होत नाही.

आच्छादनाची सुरुवात वळचणीकडून करतात. पहिली फळी वासे उघडे असतानाच वरून ठोकली जाते, त्यामुळे आतील सांदीत हात घालावा लागत नाही. पडवीच्या बाबतीत क्रम उलटा करणे हितावह असते. भिंतीलगतची सर्वांत वरची फळी प्रथम बसवावी, तोपर्यंत मुख्य छपराच्या वळचणीची कौले घालू नयेत. जुन्या घराला नवी पडवी जोडताना मुख्य वळचणीच्या कौलांच्या खालच्या दोन ओळी तात्पुरत्या उतरवल्या की वरून सरळ हात चालतो. कोठूनही दोन-चार कौले काढून वाट करता येणे, हा कौलारू छपराचा मोठा गुण आहे.

आढ्याजवळ दोन्ही पाखी आळीपाळीने वर आणतात. एका पाख्याची शेवटची फळी बसवताना दुसऱ्या पाख्याचा वरचा भाग उघडा ठेवून त्यातून काम करतात. अखेरीस उरलेली एकच फळी मापून, कडेने तासून, वरून बसवतात. तिच्या आधारासाठी वाशांच्या बाजूंना लाकडी ठोकळे आधीच ठोकून ठेवलेले असतात.

गडग्याच्या बाजूला शक्य असल्यास ६० ते ७५ सेंमी. अंतर सोडावे. त्यामुळे कामाला वाट मिळते आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी साचत नाही. अंतर सोडणे शक्य नसल्यास त्या बाजूचे दोन-तीन वासे व त्यांवरील रिपा जमिनीवरच जोडून तयार चौकट वर चढवतात. मग वर फक्त आढ्याशी व भिंतपट्टीशी जोड करावा लागतो.

जोडणीच्या पद्धती : खिळ्याची लांबी फळीच्या जाडीच्या सु. अडीचपट असावी. २·५ सेंमी. जाडीच्या फळीला ६ ते ६·५ सेंमी. लांबीचा खिळा योग्य होय. खिळा फळीच्या टोकापासून निदान आपल्या व्यासाच्या दहापट अंतरावर असावा. कठीण किंवा चिरणाऱ्या लाकडात खिळ्याच्या व्यासाच्या सु. ८० टक्के व्यासाचे भोक आधी पाडल्यास लाकूड फुटत नाही आणि पकडही कमी होत नाही. अरुंद जागेत याचा दुसराही फायदा होतो. भोक असल्याने खिळा लहान फटक्यांनीही आत जातो.

खिळा आडव्या बलाला चांगला विरोध करतो. सरळ उपसणाऱ्या बलाला त्याचा विरोध कमी असतो. वाऱ्याची उचल खिळ्याला उपसू पाहते. म्हणून दोन खिळे एकमेकांकडे झुकतील असे तिरपे ठोकतात. खिळ्याचे टोक पलीकडे बाहेर येत असल्यास ते तंतूंना आडवे मुरडून बसवतात. वाशाच्या कापलेल्या टोकात, तंतूंच्या दिशेने, मारलेल्या खिळ्याची पकड फारच कमी असते. वळचणीची फळी वाशांच्या टोकांना नुसत्या खिळ्यांनी ठोकण्याची पद्धत त्यामुळे सदोष ठरते. तेथे वाशाच्या बाजूला ठोकळा लावून फळी त्यावर स्क्रूने बसवणे अधिक सुरक्षित असते.

हातोड्याला फेर मिळत नसेल, तर खिळ्याच्या माथ्यावर लांब पोलादी दांडा टेकवून त्याचे दुसरे टोक मोकळ्या जागेतून ठोकतात. कधी हातोड्याच्या तोंडाऐवजी त्याच्या बाजूच्या सपाट भागाने आखूड फटके मारतात. पातळ रीप फटक्यासरशी उसळते आणि शेजारचे पक्के झालेले खिळे ढिले करते. असे होऊ नये म्हणून रिपेच्या मागे दुसरा जड हातोडा किंवा लोखंडाचा ठोकळा दाबून धरतात. या कामाला दुसरा माणूस लागतो. एकट्याने काम करावयाचे असल्यास स्क्रू अधिक सोयीचा असतो, कारण तो बसवताना धक्का बसत नाही आणि चुकल्यास काढता येतो. आखूड दांड्याचा पेचकस अथवा बॅटरीवर चालणारे काटकोनी तोंडाचे यंत्र यांच्या साहाय्याने वीतभर सांदीतही स्क्रू पिळता येतो.

जेथे यांपैकी कोणतेच साधन चालत नाही, तेथे बांधणीचा उपाय उरतो. बंधाला केवळ बोटे शिरतील एवढीच जागा पुरते. माडाच्या सोडणापासून वळलेल्या सुंभाने वासे व रिपा बांधण्याची रीत कोकणात जुनी आहे आणि झापांनी शाकारलेल्या खोपींत ती लोखंडी खिळ्याविना वापरली जाई. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील फळ्या शिवून केलेल्या होड्यांमागेही हेच तत्त्व आहे. सुंभ गंजत नाही व थोडा ताणला जाऊन धक्का पचवतो. मात्र काही वर्षांनी तो झिजतो व बदलावा लागतो. सुंभाऐवजी जस्त चढवलेली तार वापरल्यास ती वासा व रीप यांवरून फुलीच्या आकारात दोनदा फिरवून पीळ द्यावा. पीळ फार दिल्यास तार तेथेच तुटते.

ऋतुमानाचा परिणाम : छपराची कामे चैत्र-वैशाखात, मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, उरकण्याचा प्रघात आहे. या वेळी लाकूड तुलनेने कोरडे असते. पावसाळ्यातील दमट हवेत फळ्या रुंदीने फुगतात. त्या एकमेकींना घट्ट भिडवून ठोकलेल्या असतील, तर फुगताना वर उचलल्या जातात आणि खिळे उपसले जातात. म्हणून दोन फळ्यांमध्ये काही मिमी. फट ठेवतात. आढ्याजवळची शेवटची फळी ठोकून दाबून बसवण्याचा मोह टाळावा लागतो.

खारी हवा : समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातील क्षारांमुळे साधे लोखंडी खिळे लवकर गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे खिळ्याभोवतीचे लाकूड फुटते व पकड सुटते. पावसाने धुतल्या जाणाऱ्या उघड्या पृष्ठभागापेक्षा वळचणीखालील न धुतल्या जाणाऱ्या भागात क्षार अधिक साचतात. अडचणीच्या जागेतील खिळेच त्यामुळे आधी निकामी होतात. किनाऱ्यालगत जाड जस्तलेपाचे खिळे वापरावेत. जेथे पुन्हा हात पोहोचणार नाही, तेथे अगंज पोलादाचे स्क्रू वापरणे दीर्घकाळात स्वस्त पडते. वाळवी व बुरशी यांपासून संरक्षणासाठी लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची रीत आहे. हे तेल दाहक असल्याने ते कातडीला लागू न देण्याची दक्षता घ्यावी लागते. फळ्यांची कापलेली टोके व पाडलेली भोके यांना ते बसवण्यापूर्वीच लावले पाहिजे.

पत्र्याचे छप्पर : कौलांऐवजी पन्हळी पत्रे वापरण्याचा प्रघात वाढला आहे. पत्रा आडव्या तुळ्यांना आकडेदार बोल्टांनी जखडतात. पत्र्याला भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडतात. खोलगट भागात पाडल्यास पाणी गळते. आकडा भोकातून खाली सोडून तुळईभोवती अडकवतात आणि चकती व नट वरून घट्ट करतात. नट वरच्या बाजूस असल्याने भिंतीलगतच्या सांदीतही ही जोडणी शक्य होते. कडेच्या पत्र्यांना मधल्या पत्र्यांपेक्षा जवळजवळ बोल्ट द्यावेत. एक पत्रा सुटला की वारा त्या तोंडाने आत शिरतो आणि उरलेल्या पत्र्यांवरील उचल एकदम वाढते. जुन्या अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांना कोरडे भोक पाडू नये, कारण त्यांची धूळ फुप्फुसांना अत्यंत घातक असते. हे पत्रे ठिसूळ असल्याने त्यांवर थेट पाय देणेही धोक्याचे आहे.

दक्षता व तपासणी : छपरावर काम करताना वजन एका रिपेवर न पडता अनेक वाशांवर विभागले जावे, यासाठी वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावर बसतात. सांदीत वर पाहून काम करताना भुसा व गंज डोळ्यांत जाण्याचा संभव असतो, म्हणून चष्मा वापरावा. माडाखाली काम करण्यापूर्वी पक्व नारळ व सुकलेली झावळे उतरवून घ्यावीत.

उभ्या असलेल्या मांगराचे छप्पर न मोडताही पुष्कळ सुधारता येते. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी वळचण, आढे व त्रिकोणी भिंतीवरील कड यांच्या जवळची कौले उतरवून खालील प्रत्येक जोड हाताने हलवून पाहावा. हलणारा खिळा पुन्हा ठोकल्याने पकड परत येत नाही. त्याच्या शेजारी नव्या जागी स्क्रू द्यावा किंवा तारेचा बंध घालावा. वाशाचे पायथे भिंतपट्टीला पट्टीने जखडलेले आहेत, याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर कडेच्या दोन ओळींतील कौले रिपांना तारेने बांधून परत बसवावीत. या कामास एक-दोन दिवसांहून अधिक वेळ लागत नाही आणि त्याचा खर्च उडालेले छप्पर नव्याने घालण्याच्या खर्चाच्या मानाने अल्प असतो.